ओकाची जमीन आणि तिचा रंग

इंग्रजी कादंबऱ्यांतून जुन्या सरदारी वाड्यांची वर्णने वाचीत लहानाचे मोठे झालेल्या आमच्यासारख्यांच्या मनात एक चित्र पक्के बसलेले असते. प्रशस्त दिवाणखाना, भिंतीतील धगधगता विस्तव, आणि पायाखाली काळ्याभोर ओकाच्या फळ्यांची चकचकीत जमीन. शेणाने सारवलेल्या किंवा शहाबादी फरशी घातलेल्या जमिनीवर वाढलेल्या मुलास त्या काळेपणातच कुलीनता दिसे. ओक म्हटला की तो काळाच, असा आमचाही पुष्कळ वर्षे समज होता. (हे आडनाव आमच्या कोकणात प्रसिद्ध आहे, त्याचा या वृक्षाशी काही संबंध नाही, हे सांगणे नलगे.)

वस्तुतः नुकताच चिरलेला ओक काळा मुळीच नसतो. तो फिकट, गव्हाळ, किंचित मधाच्या छटेचा असतो. एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत, म्हणजे १५५८ ते १६०३ या काळात, ज्या सुतारांनी त्या फळ्या ठोकल्या, त्यांनी त्या तशाच उजळ पाहिल्या. मग हा काळा रंग आला कोठून? काही अंशी तो धुराचा, मेणाचा आणि पिढ्यान् पिढ्यांच्या पायांचा आहे. परंतु बराचसा एकोणिसाव्या शतकातील रंगाऱ्याच्या डब्यातून आलेला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने हे विसरता कामा नये.

ओकास रंग चढतो तो त्याच्या अंगच्या कषाय द्रव्यामुळे. हे द्रव्य आमच्या घरांत अपरिचित नाही. बाळगुटीत उगाळतात ते मायफळ म्हणजे ओकाच्याच एका जातीवर कीटकाच्या उपद्रवाने उठलेली गाठ होय. मायफळ आणि हिराकस एकत्र केले की काळी शाई होते. युरोपातील हस्तलिखिते शतकानुशतके अशाच शाईने लिहिली गेली. ओकाच्या ओल्या फळीत लोखंडी खिळा राहिला तर त्याभोवती काळा डाग पडतो, तोही याच न्यायाने. दलदलीत हजारो वर्षे पुरलेले ओक कोळशासारखे काळे होऊन निघतात, त्याचेही कारण हेच. सारांश, ओकास काळे करण्याची सामग्री निसर्गाने त्याच्याच पोटात ठेविली आहे. प्रश्न एवढाच की ती बाहेर कोणी आणावयाची, काळाने की मनुष्याने?

रंगाच्या आधी निवड चिराईची. झाडाच्या गाभ्यापासून सालीकडे चाकाच्या आऱ्यांसारखे पट्टे गेलेले असतात. फळी या आऱ्यांच्या दिशेने कापली तर तिच्यावर रुपेरी ठिपके व लाटा उमटतात, आणि ती रुंदीत आडव्या चिराईच्या फळीच्या सुमारे निम्मीच आक्रसते. आडव्या चिराईत लाकूड कमी वाया जाते, म्हणून ती स्वस्त. जमिनीच्या भेगा पुष्कळदा या काटकसरीतून निघतात.

व्हर्सायच्या राजवाड्यात ही जमीन वैभवासाठी आली असे कोणासही वाटेल. ती आली ओलीच्या भयाने. संगमरवरी फरशी वारंवार धुवावी लागे, पाणी खाली झिरपे आणि तुळया कुजत. म्हणून १६८४ साली तेथे फरशी काढून ओकाचे चौकोनी, तिरप्या विणीचे तक्ते बसविण्यात आले. तीच वीण आजतागायत व्हर्सायच्या नावाने विकली जाते.

इंग्लंडात मात्र त्याच सुमारास ओक सामान्य घरांच्या जमिनीवरून उठू लागला होता. आरमारास त्याची भूक मोठी. जॉन एव्हलिन याचा ‘सिल्व्हा’ हा वृक्षग्रंथ १६६४ साली निघाला, तो जहाजांच्या लाकडाच्या याच चिंतेतून. दोन वर्षांनी लंडन जळाले आणि नव्या घरांसाठी नॉर्वे व बाल्टिककडील देवदाराची जहाजेच्या जहाजे येऊ लागली. पुढे मध्यमवर्गाच्या घरांत जमीन देवदाराची आणि हौस ओकाची, अशी स्थिती झाली. व्हिक्टोरियाच्या काळात मधोमध गालिचा घालीत व कडेचा उघडा पट्टा गडद रंगवीत. त्याकरिता पोटॅशियम परमँगनेटही वापरीत. पटकीच्या साथीत आमच्या विहिरींत टाकीत तेच जांभळे औषध! लाकडावर ते पाहता पाहता तपकिरी होते. आमच्याकडे म्हातारे कलप लावून तरुण दिसू पाहतात. या गृहस्थांनी कोवळ्या लाकडास कलप लावून म्हातारे केले. खऱ्या ओकाचीही यातून सुटका झाली नाही. जुन्या वाड्यांतील उजळ लाकूडकाम पुरेसे जुने दिसत नाही म्हणून काळे करण्यात आले, आणि तो काळेपणाच पुढे पुरावा मानला गेला.

या ढोंगाविरुद्ध अमेरिकेत गुस्टाव्ह स्टिक्ले (१८५८–१९४२) उभा राहिला. १९०१ पासून निघालेल्या आपल्या ‘क्राफ्ट्समन’ मासिकातून त्याने साध्या, प्रामाणिक लाकूडकामाचा पुरस्कार केला. त्याची रीत अशी: बंद खोलीत ओकाच्या वस्तू ठेवावयाच्या, ताटल्यांत तीव्र अमोनिया ओतावयाचा आणि वाफ लाकडातील कषाय द्रव्यास भिडू द्यावयाची. लाकूड आतून तपकिरी होते, आणि रुपेरी लाटा झाकल्या जात नाहीत. घोड्यांच्या तबेल्यातील फळ्या काळवंडलेल्या पाहून ही युक्ती सुचली, असे सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिच्यातील रसायन खरे आहे. पांढऱ्या ओकास ही वाफ उत्तम मानवते. तांबड्यात कषाय कमी, म्हणून त्याचा रंग फिका राहतो. उलट डब्यातील रंग तांबड्याच्या उघड्या छिद्रांत खोल शिरून रेघा दाखवितो. म्हणून रंग दुकानातील नमुन्यावरून ठरवू नये. आपल्याच फळीच्या तुकड्यावर लावून, तो वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात पाहावा.

अमोनियाने आलेले वार्धक्यही उसनेच, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच खोटा नाही. तथापि वरून थापलेला रंग आणि लाकडाच्या स्वभावातून निघालेला रंग यांत आम्हांस भेद वाटतो, आणि आमचा कल दुसऱ्याकडे आहे.

अलीकडे लाट उलटली आहे. जुन्या जमिनी यंत्राने घासून उजळ करतात व वर पॉलियुरेथेनचे पारदर्शक कवच चढवितात. घासताना खोटा कलप जातो हे बरेच. पण खऱ्या पायांच्या खुणाही त्याच भुशात जातात. विल्यम मॉरिस व त्याच्या मित्रांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था काढली, तिला खरवडण्याविरुद्धचा पक्ष असेच टोपणनाव पडले होते. त्याच्या दोनच वर्षे आधी पॅरिसात गुस्ताव्ह कायबोत याने जमीन खरवडणाऱ्या मजुरांचे चित्र काढले. १८७५ च्या सरकारमान्य प्रदर्शनाने ते नाकारले. उघड्या अंगाचे मजूर परीक्षकांस रुचले नाहीत. तिघे गुडघ्यांवर वाकलेले आहेत, बाजूस दारूची बाटली आहे, आणि खिडकीच्या उजेडात जुन्या गडद रोगणाचे पट्टे व नुकत्याच उघड्या पडलेल्या फिकट लाकडाचे पट्टे शेजारी शेजारी दिसत आहेत.