मेणाखालचा मेसेज

'३००' हा २००७ चा सिनेमा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय. त्यातली गोर्गो म्हणजे लिओनायडसची राणी, बस्स. पण हेरोडोटसकडे ती आधी भेटते स्पार्टाचा लढवय्या राजा क्लिओमेनीस याची आठ-नऊ वर्षांची लेक म्हणून. इ.स.पू. ४९९ च्या सुमाराला मिलेटसचा ॲरिस्टागोरस फौज मागायला आला. लाच १० टॅलेंटवरून ५० वर गेली. पोरगी बापाला म्हणाली, उठा इथून, नाहीतर हा पाहुणा तुम्हाला बिघडवेल. राजा उठला!

पुढे पर्शियातून मेणाची कोरी पाटी आली. सगळे बुचकळ्यात. गोर्गो म्हणाली, मेण खरवडा. खाली लाकडावर झर्क्सिसच्या स्वारीची बातमी! पाठवणारा होता डेमारॅटस, तिच्याच बापाने कारस्थान करून गादीवरून काढलेला राजा. बापाचं वैर तिने मध्ये येऊ दिलं नाही. आपल्याला जमेल?