मंडळी : सातारची आणि सांगलीची

मराठी ख्रिस्ती समाज आपल्या उपासक समुदायास ‘मंडळी’ म्हणतो. चर्च म्हटले की डोळ्यांपुढे आधी मनोरा आणि घंटा येते. मंडळी म्हटले की माणसे दिसतात. साताऱ्यात जो काँग्रिगेशनल पंथ आला, त्याचे सारे म्हणणे ह्या एका शब्दात आहे. वर बिशप नाही, धर्मपीठ नाही. पाळक निवडणे, सभासद घेणे, हिशेब पाहणे, सर्व काही त्या त्या गावच्या सभेत.

अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरास गेले, आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर लौकरच येथेही त्यांचे ठाणे बसले. सांगलीचा ओघ निराळा. वाइल्डरसाहेबांनी १८५२ मध्ये ह्याच बोर्डातर्फे कोल्हापुरास काम मांडले. ते १८७० मध्ये प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले आणि १८८४ मध्ये सांगलीस पोचले. तेथे कारभार निवडलेल्या वडिलांकडे, व त्यांच्यावर प्रेसबिटरी.

सातारची घटना अधिक लोकशाहीची खरी. पण शाळामास्तर आणि उपदेशक मिशनचे पगारी होते. ज्याच्या सहीने महिना सुटतो त्या साहेबांच्या मताविरुद्ध सभेत हात कोण वर करणार? आमच्या मते ह्या पंथाची खरी अडचण धर्माची नव्हे, पगाराची होती.

ती गाठ रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तोडली. टिळकांनी, कीर्तन-भजनाला मंडळीत मानाचे स्थान मिळावे म्हणून झटलेल्या ह्या कवीने, १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यास येऊन ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. काही मिशनऱ्यांना हे रुचले नसेल, तर नवल नाही. मात्र दरबारास दोनच वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस वारले. त्यांची पदे मात्र दोन्ही परंपरांच्या उपासनेत रुळली.

१९२४ मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन मंडळ्या संयुक्त झाल्या. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यात अँग्लिकनही होते. आणि ज्यांच्या पूर्वजांनी बिशप नाकारला होता, त्यांना बिशप लाभला.