मुतखडा : सुरीपासून लेझरपर्यंत

मुतखड्याचे ऑपरेशन म्हटले की आपल्या घरांत अजूनही पहिला प्रश्न येतो, "पोट फाडावं लागेल का?" मग कुळथाचे कढण सुरू होते, कोणी पानफुटीची पाने आणून देते आणि दवाखान्यात जाणे लांबणीवर पडते. ही भीती उगाच आलेली नाही. आपल्या आजे-पणज्यांच्या काळात ती अगदी खरी होती. पण तिच्यामागची कारणे एकेक करून दूर होत गेली. ती कशी, हे आपण पाहू. या कथेत आपल्या हैदराबादचाही वाटा आहे.

सुश्रुतसंहितेत मुतखड्याला 'अश्मरी' म्हटले आहे. औषधाने गुण आला नाही, तर मूत्राशयातला खडा छेद घेऊन कसा काढावा, हे तिथे सविस्तर सांगितले आहे. मात्र त्याआधी राजाची अनुमती घ्यावी, असेही वैद्याला बजावले आहे. कारण शस्त्रक्रिया केली नाही तर मृत्यू निश्चित आणि केली तरी यशाची खात्री नाही! युरोपातही स्थिती वेगळी नव्हती. भूल देण्याची सोय नसल्याने रोग्याला माणसांनी धरून ठेवायचे आणि शक्य तितक्या झटपट खडा बाहेर काढायचा, हाच मार्ग होता.

पहिला मोठा बदल भुलीने घडवला. १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली. योगायोग असा, की त्याच वर्षी आपल्या शहरात वैद्यकीय शाळा सुरू झाली आणि तिथले शिक्षण उर्दूतून दिले जाई. पुढे याच शाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन' नेमली गेली. महबूब अली पाशांच्या सरकारने खर्च उचलला आणि दुसऱ्या कमिशनसाठी लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले. क्लोरोफॉर्मने हृदय थेट बंद पडत नाही, आधी श्वास थांबतो, असा निष्कर्ष निघाला. हृदयाविषयीचे ते मत पुढे चुकीचे ठरले. पण रोग्याच्या श्वासावर सतत लक्ष ठेवावे, हा लॉरी यांचा आग्रह योग्यच होता. त्या काळचा अफझलगंजचा दवाखाना १९०८ च्या मुसीच्या पुरात गेला. आज त्या परिसरात उस्मानिया दवाखाना उभा आहे.

दुसरा बदल म्हणजे खडा आतल्या आतच फोडणे. १८२४ मध्ये पॅरिसच्या सिव्हियाल यांनी मूत्रमार्गातून उपकरण घालून मूत्राशयातला खडा फोडला. १८७८ मध्ये अमेरिकेच्या बिगेलो यांनी खडा चिरडून त्याचा चुरा त्याच बैठकीत धुऊन काढण्याची पद्धत रूढ केली. होळकरांच्या इंदुरात रेसिडेन्सी सर्जन कीगन यांनी १८८० च्या दशकात हीच पद्धत लहान मुलांवर यशस्वी करून दाखवली. तरीही किडनीतल्या खड्यासाठी कुशीवरचा मोठा छेद सुटत नव्हता. तो टाळण्याचा एक मार्ग १९८० मध्ये म्युनिकला सापडला. शरीराबाहेरून आघातलहरी देऊन खडा फोडता येऊ लागला.

लेझरचा जन्म १९६० चा, अमेरिकेतल्या मेमन यांच्या प्रयोगशाळेतला. चारच वर्षांत आपल्या बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले सी. कुमार पटेल यांनी बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेझर बनवला. शल्यवैद्यांनी तो त्वचेपासून घशापर्यंतच्या शस्त्रक्रियांसाठी वापरला. खड्यापर्यंत मात्र तो पोहोचू शकला नाही, कारण त्याचा किरण साध्या काचतंतूतून जात नाही. माणिकाच्या लेझरने १९६८ मध्ये प्रयोगशाळेत खडे फोडून पाहिले गेले, पण त्यात उष्णता फार होती.

हा पेच होल्मियम लेझरने सोडवला. १९९० च्या दशकात तो मुतखड्यासाठी रुळला. त्याचा किरण बारीक, लवचीक काचतंतूतून खड्याला भिडतो. पाणी हा किरण चटकन शोषून घेते, त्यामुळे तंतूच्या टोकापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास त्याचा जोर संपतो. म्हणजे खडा फुटतो आणि शेजारचा नाजूक पडदा बहुतांशी सुरक्षित राहतो. अलीकडे थुलियम फायबर लेझर आला आहे. तो खड्याची आणखी बारीक भुकटी करतो. होल्मियम आणि थुलियम ही दोन्ही मूलद्रव्ये स्वीडनच्या क्लेव्ह यांनी १८७९ च्या सुमारास शोधली होती. त्यांचा असा उपयोग होईल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसेल.

आज दुर्बीण लघवीच्या वाटेनेच किडनीपर्यंत नेता येते आणि बाहेर एकही टाका पडत नाही. खडा मोठा असेल, तर पाठीतून लहानसे छिद्र करावे लागते. २०२४ मध्ये आपल्याच शहरातल्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ नेफ्रॉलॉजी अँड युरॉलॉजी या रुग्णालयात साठ वर्षांच्या एका रुग्णाच्या किडनीतून अशाच पद्धतीने ४१८ खडे काढल्याची बातमी आपण वाचली असेल. त्या रुग्णाची किडनी जेमतेम २७ टक्के काम करत होती.

हा २७ चा आकडा आपण लक्षात ठेवायला हवा. लहान खडा बहुधा आपणहून पडतो आणि श्रेय कढणाला मिळते. पण अडकलेल्या खड्याची कळ कधी कधी थांबते, खडा मात्र तिथेच असतो आणि किडनी गुपचूप निकामी होत जाते. कळेबरोबर थंडीताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठला पाहिजे. लेझर खडा फोडतो, पण पुन्हा होण्याचे थांबवत नाही. त्यासाठी आपल्या या उन्हाच्या शहरात भरपूर पाणी पिणे आणि मीठ बेताने खाणे हेच उपाय आहेत. आजोबांची भीती त्यांच्या काळाला धरून होती. आपण मात्र वेळेवर सोनोग्राफी करून घेऊ आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगू, की आता बहुधा पोट फाडावे लागत नाही.