वारांचा अनुक्रम

रविवारामागून सोमवारच कां, याचें उत्तर आकाशांत पाहून मिळत नाहीं. प्राचीनांच्या समजुतीप्रमाणें पृथ्वीपासून दूर ते जवळ असे ग्रह मांडले तर शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र अशी ओळ लागते. वारांशीं तिचा मेळ नाहीं. उलगडा होरेंत आहे. अहोरात्राचे तास चोवीस. प्रत्येक तासाचा स्वामी याच ओळींतील एकेक ग्रह, आणि पहिल्या तासाचा जो स्वामी त्याचा तो वार. शनीपासून मोजूं लागलें कीं चोविसावा तास मंगळाचा येतो व पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, रवीचा. याच हिशेबानें रवीमागून चंद्र.

यहुद्यांचा सात दिवसांचा आठवडा याहून जुना. पण त्यांत दिवस संख्येनें मोजीत, नांव एका शब्बाथाला तेवढें. ग्रहनामांची यादी इ. स. ७९ त गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या भिंतीवर खरडलेली सांपडली आहे. ‘होरा’ हा शब्दही मूळचा ग्रीकच.

आपल्याकडे वेदांगज्योतिषांत तिथि आहे, नक्षत्र आहे, वार नाहीं. पुढें मात्र पंचांगांत तो असा रुळला कीं त्याच्या परकेपणाची शंकाही कोणास येऊं नये! त्याचा एक फार जुना लेखी पुरावा मध्य प्रदेशांतील एरण येथें, बुधगुप्ताच्या काळच्या स्तंभावर आहे: गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, सुरगुरूचा दिवस. कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं गणित करून हा मेळ ताडून पाहिला. तारीख निघाली २१ जून ४८४, आणि वार गुरुवारच.