पोटाखालचा डबा

गाडीवरून काय चोरीला जातं, हा आमच्या घरचा दोन पिढ्यांचा विषय आहे. चोराच्या बाजूने नव्हे, कुलपाच्या. वडिलांचं कसबा पेठेत सायकलचं दुकान होतं, माझं हडपसरला मोटारींचं गॅरेज आहे. गिऱ्हाईक तोंड पाडून येतं, काय गेलं ते सांगतं आणि पुन्हा जाऊ नये म्हणून काहीतरी बसवून मागतं. त्यामुळे कोणत्या काळात चोराची नजर कशावर होती, हे दुकानातल्या खपावरून मला बऱ्यापैकी सांगता येतं.

सायकलींच्या पुण्यात दिवे जायचे. रात्री दिवा नसेल तर चौकातला पोलीस थांबवायचा, म्हणून दिव्याला भाव. रॉकेलचा दिवा लोक सायकल लावली की काढून घरात न्यायचे. पुढे डायनॅमो आला. तो रोज कोण काढत बसणार? मग डायनॅमो जाऊ लागले. वडील तो घट्ट आवळून झाला की बोल्टाचं डोकं कानशीने गोल घासून द्यायचे, म्हणजे कुणाचा पाना लागू नये. (तो बदलायची वेळ आली की तेच बसून छिन्नीने तोडायचे आणि स्वतःलाच शिव्या द्यायचे.) चेतकच्या जमान्यात स्टेपनी जायची. आकुर्डीची ही स्कूटर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबल्यावर मिळायची, तेव्हा तिच्या स्टेपनीला साखळी, कुलूप, न खुलणारा नट, सगळं व्हायचं. नव्वदीत मोटारीतला टेप. डेकचं पुढचं पॅनल काढून खिशात घालून लग्नाला आलेले पाहुणे मी पाहिलेत. पंगतीला बसले की पॅनल ताटाशेजारी.

या सगळ्या चोऱ्यांत गेलेली वस्तू मालकाच्या ओळखीची असायची आणि ती पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला लागायची. म्हणून तर बुधवारी-रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर मारून ये, असा सल्ला हमखास मिळायचा. आपलीच स्टेपनी घासाघीस करून परत विकत आणल्याचे किस्से पुण्यात पेठेगणिक ऐकायला मिळतील. खरे किती, ते सोडा.

सायलेन्सरच्या चोरीने हा हिशोबच मोडला. मारुतीच्या इको व्हॅनमधून शाळेच्या मुलांची ने-आण करणारा एकजण सकाळी सकाळी गॅरेजवर आला, तो येण्याआधी कोपऱ्यावरून आवाज आला, ट्रॅक्टर यावा तसा. "काका, रात्रीत सायलेन्सर फुटला का बघा ना." गाडी रॅम्पवर घेतली. फुटायला तिथे काही नव्हतंच. मॅनिफोल्डपासून पुढचा पाइप गायब, सेन्सरची वायर कापलेली आणि लोंबणारी. मी म्हटलं, "अरे बाबा, तुझा कॅट गेला." तो म्हणाला, "कसला कॅट?" कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातलं विष मारणारा डबा. आठ वर्षं ती गाडी चालवणाऱ्या माणसाला आपल्या गाडीच्या पोटाखाली सोन्याच्या पंगतीतले धातू आहेत, हे ते गेल्यावर कळलं. बिल पाच आकडी झालं. विमा नुसता थर्ड पार्टीचा, म्हणजे त्यातून दमडी नाही.

२०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत गुजरातेत आणि आपल्याकडे पुणे, ठाणे, नाशिक या भागांत इकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या येत राहिल्या. पोलिसांच्या जप्तीत डब्यांबरोबर गोणीतली 'माती' असायची. इकोच का? गाडी उंच, खाली सरपटत शिरायला जॅक लागत नाही. जोडणी नटबोल्टांवर. आणि ती धंद्याची गाडी, बंगल्याच्या फाटकाआड नाही तर रस्त्याच्या कडेला झोपणारी.

ती माती काय, ते एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. निकामी झालेला डबा ग्राइंडरने शिवणीवर कापला, की आधी लोकरीसारखी जाड पट्टी लागते. तिच्या आत चिनीमातीचा ठोकळा. ठोकळा म्हणायचं, पण त्याला आरपार चौकोनी भोकं, एका चौरस इंचात चारशेच्या आसपास. डोळ्याला लावून उजेडाकडे धरला तर पलीकडचं दिसतं. भोकांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरखरीत लेप आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. सगळे मिळून मोजके ग्रॅम, डोळ्याला काहीच दिसत नाही. हातोडीचा हलका ठोका घातला की करडा भुगा होतो. तोंडाला फडकं बांधल्याशिवाय हे करू नये, तो भुगा फुफ्फुसाला चांगला नाही. आमच्या पोरांना हे दहा वेळा सांगावं लागतं.

काम मात्र सुरेख. इंजिनातून येणारा धूर त्या भोकांतून जाताना कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल यांचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो. धातू स्वतः खर्च होत नाही. जाळी अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापली की कामाला लागते.

याची मूळ कल्पना युजीन हूड्री या फ्रेंच माणसाची. पहिल्या महायुद्धात रणगाड्यांच्या दलात होता, मोटारींच्या शर्यतींचा नाद होता, म्हणजे आमच्यातलाच. कच्च्या तेलातून चांगलं पेट्रोल काढण्याच्या रीतीवर नाव कमावून तो अमेरिकेत स्थिरावला. तिथे लॉस एंजेलिसवर धुरकट चादर पसरायची, लोकांचे डोळे चुरचुरायचे. कॅलटेकमधले रसायनशास्त्रज्ञ हाखन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास दाखवून दिलं की हा धूर मोटारींच्या आणि तेलाच्या वायूंवर ऊन पडून तयार होतो. हूड्रीने धूर जाळणारा डबा बनवला, १९५६ साली त्याला पेटंटही मिळालं. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं होतं. इंजिनाची ठकठक थांबवायला थॉमस मिजलीने १९२१ साली शोधलेला तो उपाय, आणि शिसं धातूवर बसलं की डबा मेला. हूड्री १९६२ साली वारला, तोवर रस्त्यावरच्या मोटारींना त्याचा डबा लागला नव्हता.

लावला तो कायद्याने. अमेरिकेचा १९७०चा स्वच्छ हवेचा कायदा आला, मोटार कंपन्यांनी होणार नाही म्हणून ओरड केली, आणि १९७५च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांखाली डबे दिसू लागले. शिसं घातलेलं पेट्रोल चुकून जाऊ नये म्हणून टाकीचं तोंड बारीक केलं गेलं. चौकोनी भोकांचा ठोकळा कॉर्निंग या काचेच्या कंपनीने दिला, तिन्ही विषांवर एकदम चालणारा लेप एंगेलहार्ड कंपनीतल्या मूनी आणि कीथ यांनी.

आपल्याकडेही कोर्टामुळेच आला. एम. सी. मेहता यांची १९८५ची याचिका चालली, आणि १ एप्रिल १९९५पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांत विनाशिशाचं पेट्रोल आणि नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पुणे त्या चारांत नव्हतं. त्यामुळे काही वर्षं गंमत होती: मुंबई पासिंगच्या मारुतीखाली डबा, शेजारच्या पुणे पासिंगच्या तशाच मारुतीखाली नुसता पाइप. देशभर शिसं गेलं ते १ फेब्रुवारी २०००पासून. मधल्या काळात ज्यांनी जुनंच पेट्रोल भरलं त्यांचे डबे चोंदले, गाडी चढ चढेना. तेव्हाचा सर्रास इलाज म्हणजे सळई घालून जाळी फोडायची, झटकून टाकायची आणि रिकामा डबा परत जोडायचा. गाडी पळायची, मालक खूश. फोडलेली जाळी उकिरड्यावर, आणि पुढे कधी तो रिकामा पत्रा काढला तर तोही भंगारात, लोखंडाच्या भावाने.

हे बदललं ते भंगारवाल्यांच्या बोलण्यातून आम्हाला कळलं. "कॅट आहे का, शेठ?" असं विचारत नवी माणसं येऊ लागली. डब्यावरचा ठोकलेला नंबर मोबाइलवरच्या यादीशी ताडून भाव सांगायची. त्यांचा भाव वर-खाली का होतो, हे समजायला मला जगाच्या बातम्या वाचाव्या लागल्या. ऱ्होडियम आणि प्लॅटिनम बहुतांशी दक्षिण आफ्रिकेतून येतं, पॅलेडियमचा मोठा वाटा रशियाचा. २०१५ साली फोक्सवॅगनचं डिझेल गाड्यांच्या धूर-चाचणीतलं बिंग फुटलं आणि युरोपातली गिऱ्हाइकं पेट्रोलकडे वळली. चीनने, युरोपने धुराचे नियम आवळले, आपल्याकडे १ एप्रिल २०२०पासून बीएस-सहा. या धातूंना मागणी वाढली. २०१६ साली सातशे डॉलरच्या खाली मिळणारा ऱ्होडियमचा औंस मार्च २०२१मध्ये एकोणतीस हजारांवर गेला. युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा पॅलेडियमने तीन हजार ओलांडले. औंस म्हणजे जेमतेम एकतीस ग्रॅम. अमेरिकेत २०१८ साली कन्व्हर्टर-चोरीचे विम्याचे दावे १,२९८ होते, २०२० साली १४,४३३. हडपसरचा चोर आणि ओहायोचा चोर एकाच भावफलकाकडे बघत होते म्हणायचं.

आता गिऱ्हाइकं विचारतात, काय करू? मी आधी जागा विचारतो. गाडी भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला खेटून, डब्याची बाजू आत, दिव्याखाली लावता येत असेल तर निम्मं काम फुकटात होतं. मग लोखंड. खालून सळयांचा पिंजरा चासीला बोल्टने बसवतो आणि बोल्टांची डोकी वडिलांच्या रीतीने गोल करतो, फक्त कानशीऐवजी ग्राइंडर. पिंजऱ्यात हवा खेळली पाहिजे. डबा लालबुंद तापतो, बंद पत्र्यात कोंडला तर वरची फरशी भाजेल. सेन्सर काढायला वाट ठेवायची. जोडाच्या नटांवर वेल्डिंगचा ठिपका मागणारे खूप आहेत. तो द्यायचा तर आधी बॅटरीची वायर सोडायची, नाहीतर कॉम्प्युटर उडतो, आणि पेट्रोलच्या नळीपासून लांब राहायचं. गाडी हलली की बोंबलणारा अलार्मही मिळतो. आमच्या गल्लीत मांजरं गाड्यांवर झोपतात, त्यामुळे तो आठवड्यात बंद होतो.

पण कितीही लोखंड लावलं तरी बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे ते काही मिनिटांचं. खरी मेख विकणाऱ्याकडे नाही, घेणाऱ्याकडे आहे. स्टेपनी जुन्या बाजारात ओळखता यायची. भुगा कुणाचा, हे कोण सांगणार? तो भट्टीत जातो. इंग्लंडने २०१३च्या कायद्यानुसार भंगाराचा व्यवहार रोखीत करायला बंदी घातली आणि विकणाऱ्याची ओळख तपासायला लावली. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२मध्ये न्याय खात्याने पाच राज्यांतल्या एकवीस जणांना आरोपी केलं, चोरांपासून मोठ्या खरेदीदारांपर्यंत, आणि ५४ कोटी डॉलरच्या वर मालमत्ता जप्तीची मागणी केली. पाना घेऊन गाडीखाली शिरणाऱ्याला यातलं किती मिळत असेल?

२०२४पर्यंत पॅलेडियम हजार डॉलरच्या आसपास उतरलं, तसे आमच्याकडचे कॅटवाले पातळ झाले. तरी माझं एक सुरू आहे. गिऱ्हाइकाच्या डब्यावर गाडीचा नंबर खोल कोरतो, वर उष्णता सोसणारा रंग मारतो. आणि गॅरेजमधून निकामी डबा बाहेर जातो तेव्हा वहीत गाडीचा नंबर, डब्यावरचा नंबर आणि नेणाऱ्याची सही घेतो. पहिल्यांदा वही पुढे केली तेव्हा एक नेहमीचा माणूस हसला. "शेठ, असं सह्या करत बसलो तर माल कोण देईल मला?" तो त्यानंतर आला नाही. दुसरा आला, त्याने भाव थोडा कमी दिला, पण सही केली. सध्या त्यालाच देतो.