टुटूचा इतिहास : बॅले नर्तिकांच्या या तरंगत्या झग्याने अनेकींचा जीव कसा घेतला?

15 नोव्हेंबर 1862. पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर एका प्रयोगाची तालीम सुरू होती. एम्मा लिव्ही ही वीस वर्षांची नर्तिका विंगेत आपल्या प्रवेशाची वाट बघत बसली होती. पांढऱ्या झग्याचे थर चुरगळू नयेत म्हणून तिने ते जरा उचलून झटकले. शेजारीच गॅसचा दिवा जळत होता. झग्याने पेट घेतला आणि घाबरलेली एम्मा तशीच रंगमंचावर धावत सुटली. एका अग्निशामकाने तिला गाठून ओलं घोंगडं लपेटलं, पण तोपर्यंत ती गंभीर भाजली होती. पुढचे आठ महिने यातना सोसून 26 जुलै 1863 रोजी तिने प्राण सोडला.

आज 'टुटू' म्हटलं की वाढदिवसाला हौसेने घातला जाणारा लहान मुलींचा गुलाबी फ्रॉक किंवा इन्स्टाग्रामवरचे फोटो आठवतात. पण या झग्याच्या इतिहासात कला, तंत्रज्ञान आणि नर्तिकांचे मृत्यू एकमेकांत गुंतलेले आहेत.

आधी बॅले नर्तिका काय घालायच्या?

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बॅलेसाठी वेगळा असा पोशाख नव्हता. राजदरबारात जे कपडे चालत, त्यांचीच भपकेबाज आवृत्ती रंगमंचावर दिसायची. जमिनीपर्यंत पोहोचणारे जड घेर, आत फुगवटा देणारे सांगाडे आणि टाचांचे बूट. अशा कपड्यांत उड्या मारणं अवघडच होतं. मारली, तरी पायांची हालचाल प्रेक्षकांना दिसत नसे.

1730 च्या सुमारास पॅरिसमध्ये मारी कामार्गो ही नर्तिका गाजत होती. हवेत उडी घेऊन पाय झपाझप एकमेकांवरून फिरवण्यात ती तरबेज होती. हे कौशल्य लोकांना दिसावं म्हणून तिने आपला घेर घोट्याच्या थोडा वर घेतला. फरक जेमतेम काही इंचांचा, पण त्या काळात त्यावरही बरीच चर्चा झाली. नर्तिकेचे पाय दिसले पाहिजेत, हा विचार इथून पुढे रुजत गेला.

1832 : पांढऱ्या झग्याचा जन्म

12 मार्च 1832 रोजी पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फीद' हा बॅले सादर झाला. नृत्यरचना फिलिपो तालिओनी यांची होती आणि मुख्य भूमिकेत त्यांची मुलगी मारी तालिओनी होती. सिल्फीद म्हणजे हवेत राहणारी परी. स्कॉटलंडमधला एक तरुण लग्नाच्या दिवशीच तिच्या मोहात पडतो, अशी ही कथा.

परी जमिनीला टेकता कामा नये, म्हणून मारी पायांच्या बोटांच्या टोकावर उभी राहून नाचली. तिच्या अंगावर घट्ट चोळी आणि पोटरीपर्यंत येणारा, पातळ पांढऱ्या कापडाचा अनेक थरांचा घंटेच्या आकाराचा घेर होता. या पोशाखाचं श्रेय परंपरेने चित्रकार युजीन लामी यांना दिलं जातं. आज याच प्रकाराला 'रोमँटिक टुटू' म्हणतात.

हे कापड आलं कुठून?

असा झगा शिवायचा तर कापड हलकं हवं आणि भरपूर हवं. एकोणिसाव्या शतकात दोन्ही शक्य झालं. जॉन हीथकोट या इंग्रज संशोधकाने शतकाच्या पहिल्या दशकातच जाळीचं कापड विणणारं यंत्र तयार केलं होतं. पूर्वी हाताने विणावी लागणारी जाळी आता कारखान्यात निघू लागली. मलमल, टार्लेटन नावाचं खळ दिलेलं विरळ सुती कापड आणि 'ट्यूल' ही जाळी यांचे थरावर थर देऊन घेर फुलवला जाई.

गॅसच्या दिव्यांची जादू आणि धोका

याच काळात रंगमंचावर दुसरा मोठा बदल झाला. मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे मागे पडून पॅरिस ऑपेरात 1822 मध्ये गॅसचे दिवे आले. गॅसची ज्योत हवी तशी कमी-जास्त करता येत होती. त्यामुळे रंगमंचावर पहिल्यांदाच खरंखुरं वाटणारं चांदणं पाडता आलं. त्या निळसर उजेडात पांढऱ्या झग्यातल्या नर्तिका धुक्यासारख्या तरंगताना दिसत. प्रेक्षक वेडे झाले नसते तरच नवल.

पण ही ज्योत उघडी होती. विरळ सुती कापडाच्या प्रत्येक धाग्याभोवती हवा खेळती असते आणि थरांच्या मधेही हवाच असते. अशा कापडाला ठिणगी लागली की काही क्षणांत सगळा घेर पेटतो. मागून घट्ट बांधलेला पोशाख एकटीला झटकन काढताही येत नाही.

एम्मा ही पहिली बळी नव्हती. डिसेंबर 1844 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरमध्ये भर प्रयोगात क्लारा वेब्स्टर या नर्तिकेचा झगा पेटला आणि काही दिवसांतच तिचा मृत्यू झाला. सप्टेंबर 1861 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात तर आग कपडे बदलण्याच्या खोलीत लागली. एकीला वाचवायला दुसरी धावली आणि तिचाही झगा पेटला. त्यात गेल आडनावाच्या बहिणींसह किमान सहा नर्तिकांचा जीव गेला.

उपाय होता, मग तो वापरला का नाही?

कापड सहज पेटू नये यासाठीचा उपाय तेव्हा माहीत होता. कार्तेरों नावाच्या फ्रेंच गृहस्थाने झगे तुरटीसारख्या क्षारांच्या द्रावणात बुडवून काढण्याची पद्धत शोधली होती. 1859 मध्ये फ्रान्समध्ये नाटकगृहांतले पडदे आणि पोशाख असे प्रक्रिया केलेलेच असावेत, असा सरकारी हुकूमही निघाला.

अडचण अशी की द्रावणातून काढलेलं कापड कडक आणि मळकट दिसायचं. तरंगणारी परी दिसायची तर झगा हलका आणि पांढराशुभ्रच हवा. अनेक नर्तिकांनी असे झगे नाकारले. एम्माही त्यांतलीच. आपण नेहमीचाच झगा घालणार, असं तिने ऑपेराच्या व्यवस्थापनाला लेखी कळवलं होतं.

तिचा हा हट्ट निव्वळ नटवेपणा म्हणून सोडून देता येत नाही. 1858 मध्ये तिने 'ला सिल्फीद'मधूनच पदार्पण केलं होतं. निवृत्त झालेली मारी तालिओनी तिला बघायला पॅरिसला आली आणि तिची गुरू बनून राहिली. एका प्रयोगावर नर्तिकेचं नाव ठरे आणि नावावर पोट अवलंबून असे. त्या स्पर्धेत निर्जीव दिसणारा झगा घालून उतरण्याची जोखीम तिला मोठी वाटली.

1860 मध्ये तालिओनीने खास एम्मासाठी 'ल पापियों', म्हणजे 'फुलपाखरू', हा बॅले बसवला. त्यात फुलपाखरू झालेली नायिका मशालीकडे झेपावते आणि तिचे पंख जळतात. दोन वर्षांनी जे घडलं, त्यानंतर ही कथा कोणाला विसरता आली नाही.

एम्माच्या जळालेल्या पोशाखाचे अवशेष पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात आजही जपून ठेवले आहेत.

झगा आखूड का झाला?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बॅलेचं केंद्र पॅरिसहून रशियातल्या सेंट पीटर्सबर्गकडे सरकलं. तिथे इटलीहून आलेल्या नर्तिकांनी गिरक्या आणि उड्यांचं अवघड तंत्र आणलं. पिएरिना लेन्यानी एका पायावर सलग 32 गिरक्या घेत असे. 1895 च्या 'स्वान लेक'मध्येही तिने त्या घेतल्या. गुडघा आणि मांडीची हालचाल दिसायची तर लांब घेर अडथळाच होता. घेर गुडघ्याच्या वर गेला आणि पुढे विसाव्या शतकात कमरेपासून थेट आडवा, थाळीसारखा पसरला. हाच 'क्लासिकल टुटू'.

'टुटू' हा शब्दही याच काळात रुळला. फ्रेंच लहान मुलांच्या बोलीत पार्श्वभागाला जो शब्द आहे, त्यावरून तो आला असं एक मत आहे. 'ट्यूल'वरून आला असंही काही जण मानतात.

आजचा टुटू

1881 मध्ये लंडनचं सॅव्हॉय थिएटर विजेच्या दिव्यांनी उजळलं आणि हळूहळू सगळीकडेच गॅस मागे पडला. रंगमंचावरची उघडी ज्योत गेली, तसा टुटूमधला सर्वांत मोठा धोकाही गेला.

आजचा क्लासिकल टुटू बहुतेक वेळा नायलॉनच्या जाळीचे दहा-बारा थर चुण्या घालून, एकाखाली एक शिवून तयार होतो. वरचा थर सर्वांत रुंद असतो आणि खालचे क्रमाने आखूड होत जातात. थाळी सपाट राहावी म्हणून काही वेळा आत तारेचं कडं घालतात. हे थर सैल टाक्यांनी एकमेकांना जोडलेले असतात, कारण नर्तिका थांबली की झगाही थांबायला हवा.

'ला सिल्फीद' आजही रंगमंचावर येतो. पडदा उघडतो, निळसर उजेडात पांढरा घेर हलतो आणि परी तरंगल्यासारखी वाटते. आता तिच्या बाजूला उघडी ज्योत नसते, एवढाच फरक. एम्मा लिव्ही त्याच ऑपेरात, त्याच भूमिकेतून पुढे आली होती. मृत्यूसमयी तिने वयाची एकविशीही गाठली नव्हती.