उत्तर-दृक्‌प्रत्ययवाद

दृक्‌प्रत्ययवादानंतर फ्रान्समध्ये घडलेल्या चित्रशैलींचे सामूहिक नाव. इंग्रज समीक्षक रॉजर फ्राय याने १९१० मध्ये लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीतील प्रदर्शनासाठी ते योजले. झॉर्झ सरा याने शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी मांडले. व्हान गॉख व गोगँ यांनी रंगाला भावनेचे बळ दिले. त्यातूनच मातीसचा रंगभारवाद उमलला. मात्र सर्वांत दूरगामी ठरला तो पॉल सेझान (१८३९–१९०६). सँत-व्हिक्त्वार डोंगर त्याने पुनःपुन्हा रंगविला. उत्तरकालीन चित्रांत झाडे, घरे, आकाश सारे कुंचल्याच्या चौकोनी फटकाऱ्यांतून उभे राहते; मधूनमधून कोरा कॅनव्हासही दिसतो, आणि त्यानेच चित्र विलक्षण मोकळे होते. १९०७ मध्ये पॅरिसला भरलेल्या त्याच्या स्मृतिप्रदर्शनाचा ब्राक व पिकासो यांच्यावर खोल परिणाम झाला. ब्राकची १९०८ मधील लेस्ताकची निसर्गचित्रे थेट त्याच वाटेवरची असून घनवादाची सुरुवात त्यांत स्पष्ट दिसते.